बंडाच्या आधी वासुदेव बळवंत फडकेंनी शाळा उभी केली होती, अन् भाषेचा तो वाद आजही सुटलेला नाही

१६ एप्रिल २०२५ ला राज्य सरकारचा एक जीआर आला. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची. त्यानंतर जे रान पेटलं ते सगळ्यांनी पाहिलं. जूनमध्ये सुधारित जीआर आला, तोही टिकला नाही. २९ जूनला सरकारनं दोन्ही जीआर मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली.

या सगळ्या गोंधळात तिसऱ्या भाषेवर भरपूर बोलून झालं. पण पहिल्या दोन भाषांचं काय? मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा प्रत्येक पोराला नीट यायला हव्यात का? आणि हव्यात, तर शाळेनं त्या शिकवायच्या कशा?

हा प्रश्न आजचा नाही. महाराष्ट्रात तो पावणेदोनशे वर्षं जुना आहे. आणि तो समजून घ्यायचा तर एका अशा माणसाचं आयुष्य बघावं लागतं, ज्यांचं नाव आपण फक्त बंडासाठी लक्षात ठेवलंय.

वासुदेव बळवंत फडके. आद्यक्रांतिकारक. ते एका शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांपैकी होते, हे अनेकांना माहीतच नसतं.

कर्नाळ्याच्या पायथ्याचं पोर

पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्गाला लागलं की थोड्याच वेळात शिरढोण येतं. समोर कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. पनवेल तालुक्यातल्या याच गावात ४ नोव्हेंबर १८४५ ला वासुदेवचा जन्म झाला. वडील बळवंतराव, आई सरस्वतीबाई.

आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कर्नाळाही इंग्रजांकडे गेला. म्हणजे या घरानं एका पिढीत सत्ता पाहिली आणि पुढच्याच पिढीत ती गेलेलीही पाहिली.

आता गंमत बघा. वासुदेवचा जन्म झाला, बरोबर त्याच काळात मुंबईत शाळेच्या भाषेवरून जोरदार भांडण चालू होतं.

त्या आधीची परिस्थिती अशी होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना देशी भाषांतून शिक्षण द्यायचं धोरण रुजलं. त्यासाठी मराठीत पाठ्यपुस्तकं तयार झाली. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश आला. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण आलं. बंगालमध्ये मेकॉलेनंतर इंग्रजीची हवा होती, पण मुंबई इलाख्याची वाट थोडी वेगळी होती.

मग १८४३ मध्ये सर अर्स्किन पेरी शिक्षण मंडळाचे अध्यक्ष झाले. वरचं शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या विरोधात उभे राहिले कर्नल जॉर्ज जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट. त्यांचं म्हणणं असं की इंग्रजी शिकवा, पण ज्ञान लोकांपर्यंत जायचं तर ते लोकांच्या भाषेतूनच जाईल.

१८५४ मध्ये वुडचा खलिता आला आणि त्यानं मधला मार्ग काढला. वरचं शिक्षण इंग्रजीतून, सर्वसामान्यांचं देशी भाषांतून. कागदावर हे छान होतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा झाला की वर चढायचं असेल तर इंग्रजी, आणि खालीच राहायचं असेल तर मराठी.

या जिन्याच्या मधल्या पायरीवर वासुदेव वाढला.

दहा रुपयांची नोकरी की इंग्रजी?

त्याचं सुरुवातीचं शिक्षण कल्याणला झालं. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे रेल्वे धावली आणि वर्षभरात ती कल्याणपर्यंत आली. वासुदेव तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. रेल्वे आली, तार आली, कचेऱ्या आल्या. या सगळ्यांत नोकऱ्या होत्या आणि त्या नोकऱ्यांची भाषा इंग्रजी होती.

चरित्रांमध्ये एक प्रसंग येतो. पुढे शिकण्यापेक्षा पोरानं दुकानात दहा रुपये महिन्यावर कामाला लागावं, असं वडिलांना वाटत होतं. वासुदेवनं ते ऐकलं नाही. तो इंग्रजी शिकायला घराबाहेर पडला. शिक्षण पूर्ण झालं नाही, पण नोकरी मिळण्याइतकं इंग्रजी पदरात पडलं.

मग नोकऱ्या सुरू झाल्या. आधी जीआयपी रेल्वे, मग ग्रँट मेडिकल कॉलेज, मग लष्कराच्या पुरवठ्याचे हिशेब पाहणारं खातं. तिथून बदली होऊन ते पुण्याला आले आणि लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून म्हणून स्थिरावले. वर्षानुवर्षं त्यांनी इंग्रज सरकारच्या फौजेचे हिशेब लिहिले.

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मध्यमवर्गाचं स्वप्न हेच होतं. गावातून निघायचं, इंग्रजी शिकायचं, सरकारी नोकरी पकडायची. फडकेंचं ते स्वप्न पूर्ण झालं होतं.

आणि मग तो रजेचा प्रसंग घडला.

इंग्रजी आलं, पण ऐकणार कोण?

१८७० च्या सुमाराची गोष्ट. शिरढोणहून निरोप आला की आई अत्यवस्थ आहे. फडकेंनी रजा मागितली. कचेरीनं मंजुरीला उशीर केला. ते गावी पोचले तेव्हा आई गेली होती. पुढच्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धालाही रजेसाठी अडवणूक झाली, असं चरित्रकार सांगतात.

या प्रसंगाकडे बहुतेक वेळा बंडाची ठिणगी म्हणून पाहिलं जातं. पण त्यात भाषेचीही एक गोष्ट आहे. फडकेंना साहेबाची भाषा येत होती. त्याचे कागद ते रोज लिहीत होते. अर्ज करताना भाषेची अडचण नव्हती, अडचण अधिकाराची होती.

इंग्रजी आलं की सगळी दारं उघडतात, असं आजही पालकांना वाटतं. फडकेंच्या अनुभवात दार उघडलं, पण ते फक्त कारकुनाच्या खुर्चीपर्यंतच. त्या शिक्षणाची रचनाच तशी होती. सरकारला वरून आलेले हुकूम समजणारी आणि खाली पोचवणारी माणसं हवी होती. खालचं म्हणणं वर नेणारी नको होती.

याच वर्षांत पुण्यात दुसरं काहीतरी शिजत होतं. महादेव गोविंद रानडे हे मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी. त्यांनी इंग्रजीतलं अर्थशास्त्र पचवलेलं. १८७२-७३ च्या सुमारास त्यांनी व्यापार या विषयावर पुण्यात व्याख्यानं दिली, आणि ती मराठीत दिली. देशातला कच्चा माल बाहेर जातो, पक्का माल होऊन परत येतो आणि इथला कारागीर बसतो, हे गणित लोकांना त्यांच्या भाषेत कळलं. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी स्वदेशीचा वसा घेतला. फडकेंवरही या व्याख्यानांचा खोल परिणाम झाला.

इथे दोन भाषांचं खरं काम दिसतं. माहिती इंग्रजीत होती, ती मराठीत आली तेव्हा तिचा विचार झाला.

फडके स्वतःही मग पुण्यात चौकाचौकांत भाषणं द्यायला लागले. आठवडाभर कचेरीत इंग्रजी कागद आणि सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर मराठी भाषण. तरुणांना शिकवण्यासाठी त्यांनी ऐक्यवर्धिनी सभा काढली. पत्नी गोपिकाबाईंना त्यांनी घरी लिहायला-वाचायला शिकवलं, घोड्यावर बसायला शिकवलं. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते स्वतः शस्त्रविद्या शिकले. हे तेच लहुजी, जे जोतीराव फुलेंच्या शाळांच्या पाठीशी उभे राहिले होते.

सरकारच्या पैशाशिवाय शाळा

फडके, वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर ही तीन नावं पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन या संस्थेचे संस्थापक म्हणून घेतली जातात. संस्था आपली परंपरा १८६० पासून सांगते. संस्थेची जी शाळा पुढे भावे स्कूल म्हणून नावारूपाला आली, ती १८७४ ची.

त्या काळात चांगलं इंग्रजी शिकायचं तर पर्याय दोनच असायचे. एक सरकारी शाळा, दुसरी मिशनऱ्यांची. पहिलीत सरकारला हवं ते, दुसरीत मिशनला हवं ते. आपल्या लोकांनी चालवलेली आणि आपल्या पोरांना दोन्ही भाषांत तयार करणारी शाळा हा तिसरा पर्याय या मंडळींनी उभा केला.

लक्षात घ्या, फडके इंग्रज सत्तेचे कट्टर शत्रू होते, पण इंग्रजी भाषेला त्यांनी शाळेबाहेर काढलं नाही. भाषा आणि ती भाषा बोलणारी सत्ता यांतला फरक त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कळत होता. पुढे १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी पुण्यात शाळा काढली, तिचं नाव न्यू इंग्लिश स्कूल होतं. त्याच टिळकांनी वर्षभरात मराठी केसरी आणि इंग्रजी मराठा ही दोन वर्तमानपत्रं चालवायला घेतली. एकाच गटाची दोन पत्रं, कारण वाचक दोन होते.

विद्यापीठाचं वारं मात्र उलट्या दिशेनं वाहत होतं. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये सुरू झालं. सुरुवातीला तिथे देशी भाषांना जागा होती, पण १८६० च्या दशकात ती काढून घेतली गेली. रानडेंनी मराठीला विद्यापीठात परत आणण्यासाठी पुढची कित्येक वर्षं घालवली. मराठी माणसांच्या विद्यापीठात मराठीसाठी भांडावं लागत होतं. वर इंग्रजी आणि खाली मराठी हा जिना आणखी पक्का झाला.

जे शाळेत कधी आलेच नाहीत

१८७६ ते ७८ मध्ये दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. फडके गावोगाव फिरले. माणसं अन्नाविना मरत होती आणि सारावसुली चालूच होती. ज्या खात्यात ते हिशेब लिहीत होते, त्या खात्याचा पैसा कुठून येतो हे आता डोळ्यांसमोर होतं.

आणि इथे त्यांच्या शाळेची मर्यादाही उघडी पडली. फडकेंनी आधी शिकलेल्या पुणेकरांना हाक दिली. फारसं कोणी आलं नाही. ज्यांना दोन भाषा येत होत्या, त्यांच्याकडे गमवायला नोकरी होती.

आले ते रामोशी. गावांची आणि गडांची राखण करणारा हा समाज, ज्यांचे जुने हक्क इंग्रजी राजवटीत गेले होते. धनगर आणि कोळीही जोडले गेले. या माणसांना इंग्रजी सोडाच, मराठी शाळेचंही दार उघडलेलं नव्हतं.

फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला छापा पडला. मग पुणे-सातारा भागात आणखी छापे. पैसा जमवायचा, दुष्काळग्रस्तांना मदत करायची आणि फौज उभी करायची, अशी कल्पना होती. पण फडकेंना हवं होतं राज्य आणि अनेक साथीदारांना हवा होता लुटीतला वाटा. ही खंत फडकेंनी आपल्या आत्मकथनात लिहून ठेवली आहे.

यात फक्त त्या माणसांना दोष देऊन चालणार नाही. रानडेंची व्याख्यानं, सभा, वर्तमानपत्रं, शाळा यांतलं काहीही त्यांच्यापर्यंत गेलं नव्हतं. तीन वर्षांनी, १८८२ मध्ये, जोतीराव फुलेंनी हंटर आयोगापुढे नेमका हाच मुद्दा मांडला. सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या जातींची मुलं. म्हणून आधी सर्वांना प्राथमिक शिक्षण द्या, अशी त्यांची मागणी होती.

फडकेंनी दोन भाषांची शाळा उभी केली, पण ती सगळ्यांची नव्हती. बंड करायची वेळ आली तेव्हा ही दरी आडवी आली.

मराठी वही, इंग्रजी पुरावा

एप्रिल १८७९ मध्ये खचलेले फडके श्रीशैल मल्लिकार्जुनला गेले. तिथे त्यांनी आपली कहाणी मराठीत लिहून काढली. मे महिन्यात त्यांचा जाहीरनामा निघाला. सारा कमी करा, लोकांना काम द्या, गोऱ्या अधिकाऱ्यांचे गलेलठ्ठ पगार कापा, नाहीतर परिणाम भोगा, असा त्याचा रोख. मुंबईपासून लंडनपर्यंतच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झाली.

त्याच महिन्यात दौलतराव नाईक या त्यांच्या साथीदारानं पनवेलजवळ पळस्पे आणि चिखलीवर मोठे छापे टाकले. फडकेंच्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर. परतताना दौलतराव गोळीबारात मारले गेले.

फडके निजामाच्या मुलखात गेले. रोहिले आणि अरबांची फौज जमवायचा प्रयत्न झाला. पण जुलै १८७९ मध्ये तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यात, देवर नावदगी इथे, मेजर डॅनियलनं त्यांना पकडलं. त्यांच्यावर बक्षीस होतं, अंगात ताप होता.

खटला पुण्यात चालला. वकीलपत्र घेतलं सार्वजनिक काकांनी. सरकारचा मोठा पुरावा होता फडकेंची रोजनिशी आणि आत्मकथन. मराठीत मनमोकळं लिहिलेलं ते सगळं इंग्रजीत भाषांतरित होऊन न्यायालयापुढे गेलं. आज अभ्यासक ही कहाणी वाचतात ती मुख्यतः सरकारी दफ्तरातल्या त्या इंग्रजी भाषांतरावरून. एका मराठी माणसानं आपल्या भाषेत सांगितलेलं आयुष्य आपल्यापर्यंत साहेबाच्या भाषेतून आलं. भाषेच्या उतरंडीचं यापेक्षा बोलकं उदाहरण सापडणं अवघड.

जन्मठेप झाली. जानेवारी १८८० मध्ये त्यांना एडनला नेलं. तिथल्या तुरुंगातून एकदा ते दार उखडून पळालेही, पण पकडले गेले. शेवटी अन्नत्याग केला आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ३७.

शाळा मात्र राहिली. भाव्यांनी ती वाढवली. १९२२ मध्ये संस्थेचं नाव महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झालं. आज मएसो मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा चालवते आणि सदाशिव पेठेतलं पेरूगेट भावे हायस्कूल अजून उभं आहे.

मग सगळ्यांना दोन भाषांत शिकवायचं का?

आता आजच्याकडे येऊ. सध्या महाराष्ट्रात दोन भाषांतलं शिक्षण तीन रूपांत दिसतं.

पहिलं सेमी इंग्रजी. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. दुसरं बालभारतीची द्विभाषिक पुस्तकं. २०२२-२३ पासून पहिलीच्या एकात्मिक पुस्तकांत मराठीसोबत इंग्रजी शब्द आणि वाक्यंही दिली गेली. तिसरं म्हणजे २०२० चा कायदा, ज्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला. केंद्राचं २०२० चं शैक्षणिक धोरणही सांगतं की शक्यतो किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा आणि गणित-विज्ञानाची पुस्तकं दोन भाषांत करा.

जगभरातला अनुभव काय? १९५३ मध्येच युनेस्कोनं अहवाल काढून सुरुवातीचं शिक्षण मातृभाषेतून द्यावं असं सांगितलं होतं. कॅनडात १९६५ मध्ये सेंट लँबर्ट इथे इंग्रजी घरातल्या मुलांना फ्रेंचमधून शिकवायचा प्रयोग झाला. मुलांना फ्रेंच आलं आणि इंग्रजीही कच्चं राहिलं नाही. पण त्या मुलांची घरची भाषा समाजात वरच्या स्थानावर होती. जिथे घरची भाषा खालची मानली जाते, तिथे दुसरी भाषा पहिलीची जागा खाते. अभ्यासक याला बेरजेची आणि वजाबाकीची द्विभाषिकता म्हणतात.

फडकेंच्या काळाचा धडा इथे लागू होतो. गणित-विज्ञान इंग्रजीत आणि गोष्टी-कविता मराठीत, अशी कायमची वाटणी झाली तर मूल काय शिकतं? की महत्त्वाचं सगळं इंग्रजीत असतं. हा वुडच्या खलित्याचाच जिना झाला, फक्त एका वर्गात बसवलेला. बेरीज हवी असेल तर विज्ञानाचा तास मराठीतही रंगला पाहिजे आणि इंग्रजीत पोरानं स्वतःच्या गावाबद्दलही लिहिलं पाहिजे.

दुसरा धडा 'सगळ्यांना' या शब्दाचा. कर्नाळ्याच्या आसपास कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत. तिथल्या पोरांच्या घरची बोली वेगळी आहे, पुस्तकातली प्रमाण मराठी हीच त्यांच्यासाठी दुसरी भाषा. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेनं गोंडीतून शाळा सुरू केली ती याच कारणानं. अशा मुलांना पहिलीतच मराठी-इंग्रजीचं पुस्तक दिलं, तर कागदावर ते द्विभाषिक शिक्षण असतं, पण मुलासाठी दोन्ही भाषा परक्या असतात.

म्हणून उत्तर हो असं आहे, पण अटींसह. दोन भाषा सगळ्यांना मिळाव्यात, आणि त्यातली पहिली मुलाच्या घरची असावी. दुसरी भाषा त्या पायावर उभी राहावी. आणि दोन्ही नीट येणारा शिक्षक वर्गात असावा, कारण शिक्षक नसेल तर द्विभाषिक पुस्तक नुसतंच जाड होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. शिरढोण तिथून लांब नाही. शेजारी तळोज्याची एमआयडीसी आहे, उरणचं बंदर आहे. या भागातल्या पोरांना इंग्रजी लागणारच. पण त्या इंग्रजीवर ती फक्त आलेले हुकूम वाचणार, की जमीन कुणाची गेली आणि मोबदला किती मिळाला हेही ठणकावून विचारणार, हे त्यांच्या शाळेत मराठीला कोणती जागा आहे यावर ठरेल.